गुहेच्या दारावरची वही

सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन चिंगी दवाखान्याच्या बाकावर एक्स-रेची वाट बघत होती. मागच्या बाकावरचे दोघे इतकं कुजबुजत होते, की कान टवकारल्यावाचून तिला गत्यंतरच नव्हतं.

"त्याच्या आईला तू सांग."

"मीच का? सहलीचं खूळ तुझं, गुहेत शिरायचा हट्टही तुझा."

"आणि बाहेर पडताना वहीत सगळ्यांच्या सह्या कोणी ठोकल्या?"

"उशीर होत होता रे! मला वाटलं, तो दुसऱ्या जीपमध्ये बसलाय."

"सहाच्या सहा सह्या बघून चौकीदार कुलूप लावून गेला. रात्रभर आत होता तो, त्या गारठ्यात."

"हळू बोल ना."

"शुद्धीवर आला की सांगेलच तो."

"आला तर."

"गप. काकू आल्या."

"अरे, वहीत सही आहे म्हणे त्याची. बाहेर आलेला पोरगा परत आत कशाला गेला रे?"

चिंगीने मान वळवून मागे पाहिलं.

"टोपी राहिली म्हणाला, काकू. आम्ही नको नको म्हणत होतो."

"वेंधळाच आहे. लहानपणापासून असाच. तुम्हाला उगीच ताप झाला रे पोरांनो. काही खाल्लंत का?"