विहिरीत सूर मारणारा

हसू नका, पण न्युरेम्बर्गच्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत मला दरदरून घाम फुटला होता, आणि बाहेर बर्फ पडत होता! त्याचं असं झालं, लग्न ठरताना मी मेघनाला ‘गावच्या विहिरीत सूर मारायचो’ असं ठोकून दिलं होतं. आता सहा वर्षांनी ही बया मला घेऊन कॅरिबियनमध्ये डायव्हिंगला निघाली होती.

एजंटबाईने पहिलं रिसॉर्ट दाखवलं. तिथलं रीफ, म्हणजे पाण्याखालचे प्रवाळखडक, लांब, बोटीने तासभर. मला ते फार आवडलं.

“छे, हे दुसरं बघ,” मेघना म्हणाली, “रीफ खोलीच्या पायरीपासूनच सुरू होतं!”

“गेनाऊ, अगदी बरोबर!” बाई म्हणाली. “शिवाय खोलीत एसी, सकाळी नाश्ता, आणि वीस मिनिटांवर प्रेशर चेंबर.”

“ते कशाला?” मी विचारलं.

“खोलातून फार पटकन वर आलात, तर रक्तात बुडबुडे होतात. मग त्यात ठेवतात.”

“आणि वर आलोच नाही तर?”

मेघनाने माहितीपत्रक मिटलं आणि मराठीत विचारलं, “खरं सांग, गावाला विहीर तरी होती का?”

“होती गं. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळायचो.”