फुकुओकातली मामा

...आणि वर लोक मलाच विचारतात, लॉकडाऊनमध्ये तुझं काय गेलं रे, नोकरी टिकली, घर टिकलं, बायको टिकली. तुम्हाला सांगतो, माझं फुकुओका गेलं. म्हणजे मिळालंच नव्हतं, तरी गेलं.

माझा मित्र हृषीकेश. मेलबर्नला युनिव्हर्सिटीत असताना चार वर्षं एका खोलीत राहिलो, एका कढईत अंडी केली, मग त्याला जपानात, फुकुओकाला नोकरी लागली आणि मी इथेच क्रेगीबर्नला घर घेऊन ट्राम चालवत बसलो. दरवर्षी त्याचा फोन, "अजित, ये ना रे, तुला नाकासू दाखवतो, नदीकाठी नुसते बार, अख्खं शहर संध्याकाळी तिथे उतरतं." आणि दरवर्षी मी, "येतो रे, जपान काय पळून जातंय का?" सहा वर्षं हेच. सातव्या वर्षी तिकीट काढलं. कधीचं? एप्रिल २०२०चं. हसा.

ऑगस्टात इथे आठला कर्फ्यू, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, आणि मी लाँड्रीत कपडे वाळत घालतोय, कारण घरात तेवढी एकच जागा जिथे कौमुदीची, म्हणजे माझ्या बायकोची, मीटिंग चालू नसते. तेवढ्यात हृषीचा व्हिडिओ कॉल. "चल, तयार हो, बाहेर जायचंय." म्हटलं, वेडा आहेस का, पोलीस धरतील. तर म्हणे, "तू नाही, फोन जाणार आहे."

आणि निघालो की हो... त्याच्या हातात मी. पूल, पुलाखाली नदी, नदीत बारच्या लाल-निळ्या पाट्यांचे दिवे हलतायत, काठाने ठेले, कंदील, वाफ, आणि माणसं कशी, तर खांद्याला खांदा लावून. मी दिवे सोडून खांदेच बघतोय. पाच महिन्यांत मला परक्या माणसाचा साधा धक्का लागला नव्हता.

मग तिसऱ्या मजल्यावर एक बार, आठ स्टुलांचा, काउंटरमागे किमोनो नेसलेली साठीची बाई. हृषी म्हणतो, "ही मामा." म्हटलं, बाई आणि मामा? "अरे, बारच्या मालकिणीला इथे मामाच म्हणतात." माझी आई एकुलती एक, म्हणजे तिशी ओलांडल्यावर मला पहिला मामा मिळाला तो असा. हृषीने फोन सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला. ती हसली असेल असं वाटतं ना? नाही. तिने फोनसमोर गरम ओला टॉवेल ठेवला, वाटीत चिमूटभर भाजी ठेवली, वाकून म्हणाली, "या, अजित्तो-सान." मग मी काय केलं असेल? नॅपकिन ओला केला, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला आणि तोंड पुसलं.

मग दर शुक्रवारी हेच. शेजारच्या स्टुलावर ओनो-सान म्हणून एक रिटायर्ड आजोबा, हृषीमार्फत विचारायचे, "तिकडे थंडी आहे का?" दर शुक्रवारी तोच प्रश्न, पण विचारायचे. कौमुदी म्हणायची, "लाँड्रीत एवढा वेळ काय धुतोस?" आणि मामा म्हणायची, "बॉर्डर उघडली की या." मी म्हणायचो, येतो, जपान काय पळून जातंय का?

जानेवारीत सगळं उलटं झालं. इकडे बॉर्डर सोडून सगळं उघडलं आणि तिकडे बारना आठला बंद करायचा हुकूम. आता जिथे गिऱ्हाईकच आठला येतं, तो बार चालवायचा कसा? मामा म्हणाली, महिनाअखेर बंद करते, बहिणीकडे जाते, तिकडे बेटावर. हे मला सांगता सांगता हृषी मध्येच म्हणाला, "मग शुक्रवारी मी कुठे जायचं रे?" त्याला तरी तिथे दुसरं कोण होतं? तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, इतके महिने तो मला फिरवत नव्हता, सोबतीला नेत होता. जपान काय पळून जातंय का म्हणे... जातं हो, एकेक स्टूल करून जातं.

शेवटच्या शुक्रवारी मामाने मागच्या फळीवरून व्हिस्कीची बाटली काढली. सील तसंच, आणि गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव. मी एप्रिलमध्ये येणार म्हणून हृषीने घेऊन ठेवलेली, मला बोलला नव्हता. मामा विचारते, "हिचं काय करू?" म्हटलं, फोडा, सगळ्यांना द्या. आठ ग्लास भरले, त्यातला एक फोनसमोर. ओनो-साननी ग्लास उचलला, मला काहीतरी म्हणाले, हृषीने भाषांतर केलं नाही. माझा ग्लास शेवटी त्यानेच प्यायला. मामाने पाटीचा दिवा घालवला.

मी तसाच फोन धरून उभा, तर दारात कौमुदी. "डोळे एवढे लाल का?"

"चढलीय."

"तू कधी प्यायलास?"

"मी कुठे... त्यांनी प्यायली."