शून्य सेकंदांचा पराक्रम

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. काम झटपट झालं, की झालंच नाही, हे ओळखायचं कसं? माना हलवू नका, ओळखता येत नाही! प्रल्हाद कोनकरलाही आलं नाही, आणि तो तर चांगला एमटेक!

हा प्रल्हाद बंदरावरच्या एका कचेरीत होता. लाटा किती उंच येणार ते तिथे गणिताने काढायचे, आणि होड्या सोडायच्या की नाही ते त्यावर ठरायचं. त्या गणितात बेसेल फंक्शन म्हणून एक किचकट प्रकरण असतं. किचकट म्हणजे किती? मी बीएस्सीला त्याच्यावरच आपटलो, म्हणून तर आज कीर्तनाला तुमच्यापुढे उभा आहे!

ते गणित चालायचं इंदुमतीबाई सप्र्यांच्या प्रोग्रॅमवर. फोर्ट्रान नावाच्या जुन्या भाषेतला, बावीस वर्षं बिनतक्रार चाललेला. प्रल्हादला वाटे, हे भंगार काढावं, सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहावं आणि आपण विभागप्रमुख व्हावं. साहेब म्हणाले, शर्यत लावा. दोघांनी ते फंक्शन एक कोटी वेळा काढायचं; ज्याचं आधी संपेल त्याचा प्रोग्रॅम राहील.

लागली शर्यत! बाईंना लागले चार सेकंद. प्रल्हादला? शून्य! आता कोटी गणितं आणि वेळ शून्य — तुम्हाआम्हाला शंका आली असती की नाही? त्याला कशी येणार? जिंकला होता ना! पेढे वाटले. साहेबांनी सहीसाठी अहवाल मागवला.

बाईंनी पेढा घेतला आणि साधंच विचारलं, "प्रल्हाद, उत्तर किती आलं रे?"

"उत्तर? बाई, आपण वेळ मोजत होतो."

"हो, पण छाप की एकदा. मी सगळ्यांची बेरीज छापलीय." एवढं बोलून बाई जागेवर गेल्या.

त्याने एक ओळ वाढवली, बेरीज छापायची. पुन्हा चालवला. सहा सेकंद!

झालं काय होतं? आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक कंपायलर असतो. महा वस्ताद! त्याने पाहिलं, हा कोटी उत्तरं काढायला सांगतोय, पण वापरत एकही नाही. मग मरायचं कशाला? सगळं काम गाळूनच टाकलं!

प्रल्हादच्या हे ध्यानात आलं. पाहिलं कुणीच नव्हतं. ती ओळ पुसली असती तर खुर्ची त्याचीच होती. दोनदा पुसायला हात गेला त्याचा, खोटं कशाला सांगू? शेवटी अहवाल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, मी हरलो. माझ्या प्रोग्रॅमने कामच केलं नव्हतं."

साहेब हळहळले. म्हणाले, "पण आकडा काय सुंदर होता हो!"

हसलात? हसा. आता तुमच्याकडे वळतो. रोज सकाळी माळ ओढता, एकशे आठ नामं, साडेतीन मिनिटांत. वर सांगता, बुवा, कोटी जप झाला! अहो, आत बसलेल्यालाही कळलंय, की या नामाचं इथे पुढे काही करायचं नाहीये. तो कशाला घेतोय? नुसते मणी सरकतात. आज घरी जा, आणि ज्या सुनेवर, ज्या भावावर सकाळी ओरडून इथे आलात, त्यांनाच विचारा — माझ्या जपाचं उत्तर किती आलं?

का हो, आता का कुणी हसत नाही?