ईटच्या चढावरची थरथर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मोटार सर्व्हिसचे मालक माननीय वसंतराव, प्रमुख पाहुणे वीरभद्रप्पा शेटजी, व्यासपीठावरची थोर मंडळी, ड्रायव्हर-कंडक्टर बंधूंनो, पलीकडं सतरंजीवर बसलेल्या माता-भगिनींनो, आणि तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेले बिराप्पा, तुम्हा सर्वांना या मार्तंड मेस्त्रीचा नमस्कार.

शाल दिलीत, नारळ दिलात. शेटजी तर म्हणाले, मार्तंडराव नुसत्या कानानं गाडीचा आजार ओळखतात. अहो, केवढं हे कौतुक! ते चाललं होतं तेव्हा मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडं बघत होतो. माझी जुनी खोड आहे ती. पेला दिसला की आतलं पाणी हलतंय का ते बघायचं. आमच्या वनमालाबाई वैतागतात, "पाणी प्या हो, त्याची तपासणी कसली करता!" त्यांनाही मी खरं कारण कधी सांगितलं नाही. आज अध्यक्षांच्या परवानगीनं सांगतो.

पोलीस ॲक्शननंतरचं तिसरं वर्ष. निजामाच्या अमलात घेतलेली एक जुनी गाडी आपल्याकडं होती, तिला आपण सगळे म्हातारी म्हणायचो. धाराशिव ते ईट ही तिची फेरी, आणि ड्रायव्हर हे बिराप्पा. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, पण स्टेअरिंगवर असा हात की मागच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं होत नसे. खोटं वाटत असेल तर जुन्या मंडळींना विचारा.

त्या वर्षी दसरा झाला आणि बिराप्पा कारखान्यात आले. म्हणाले, "मेस्त्री, गाडी थरथरतीया. ईटच्या अलीकडच्या चढावर पाय दाबला की येतंय, पाय उचलला की जातंय. न्यूट्रल केली तर चाक गुमान पळतंय. उभ्या गाडीत इंजन कितीबी रेस करा, काय न्हाय."

आता सांगा, याहून नेमकं निदान कुठला डॉक्टर करील? इंजिन नाही, चाकं नाहीत. म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा मधला शाफ्ट. माणसानं रोग ताटात वाढून दिला होता. पण ड्रायव्हरनं मेस्त्रीला शिकवायचं? माझं डोकं फिरलं.

मी पेला अर्धा भरून ड्रायव्हरच्या पुढ्यात ठेवला आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवून आणली. पाण्यावर तरंग नाही. आल्याबरोबर कागद लिहिला, "गाडी ठीक. चालकाचा हात थरथरतो." खाली सही, मार्तंड.

बिराप्पा हात जोडून म्हणत होते, "भरल्या गाडीत चला, मेस्त्री. एकडाव चला." मी गेलो नाही.

गावात बोभाटा झाला, चढाखाली ओढा आहे, तिथल्या पाण्यातल्या आसरा लागल्या याला. त्या गप्पेला मीही खतपाणी घातलं, कारण ती माझ्या सोयीची होती. महिन्याभरात बिराप्पांना घरी बसवलं. वसंतराव, तुमचा दोष नाही. तुम्ही माझ्या कागदावर विसंबलात. आणि बिराप्पांचं काय झालं ते बघून पुढच्या ड्रायव्हरनं थरथरीची तक्रार आणलीच नाही.

दोन वर्षांनी म्हातारीचा शाफ्ट दुसऱ्या कामासाठी उतरवला. त्याचे दोन तुकडे असतात. ते ठरल्या खुणेवरच जोडावे लागतात, नाहीतर गाडी ओझ्यानं दबून चढाला लागली की थरथरते. गाडी बनवणाऱ्या कंपनीची मूळ खूण झिजलेली, म्हणून मीच पांढऱ्या रंगाची केली होती. ती कुठं गेली? मग आठवलं. त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, म्हातारीची पूजा होती. आमचं घराणं तुळजापुरातलं, पूजेपाठाचं. पूजेच्या वस्तूवर डाग कसा चालेल? म्हणून मीच शाफ्ट सोडवून राकेलनं घासूनपुसून लख्ख केला होता, खुणेसकट. आणि अंदाजानं बसवला होता.

झिजलेली मूळ खूण शोधून तो नीट जोडला, ईटच्या बाजारच्या दिवशी छपरापर्यंत माणसं भरली आणि चढावर पाय दाबला. पेल्यातलं पाणी हललं नाही. मंडळी, त्या दिवसापासून मला बसल्या जागी थरथर लागते. खाटेवर लागते, देवासमोर पाटावर लागते. आत्ता या व्यासपीठावरही लागते आहे.

पंधरवड्यापूर्वी मी निमंत्रण घेऊन बिराप्पांच्या घरी गेलो. त्यांच्या मंडळी हरणाबाईंनी मला चहा दिला. बिराप्पांचा चहा मात्र त्यांनी स्वतः धरून पाजला. मी बघत राहिलो, तर त्या म्हणाल्या, "हातात कप देत न्हाय आमी. सायबानी कागदावर लिवलं तवापासनं हात थरथरत्यात त्येंचे. नातू झाला, त्योबी घेतला न्हाय."

ऐकलंत? आधी नव्हते थरथरत. मी लिहिलं आणि मग थरथरायला लागले.

बिराप्पा, सगळ्यांसमोर सांगतो. थरथर गाडीत होती. ती मी घातली होती. तुमचा हात चांगला होता, तुमचं म्हणणं खरं होतं.

काय म्हणालात? मंडळी, जरा गप्प बसा, त्यांना बोलू द्या. "दोन वर्सानं कळलं, मग तवाच का न्हाय सांगितलं?"

भ्यालो, बिराप्पा. मला नुकतंच हेडमेस्त्री केलं होतं. आणखी एक दिवस जाऊ दे म्हणत अकरा वर्षं घालवली.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, मंडळींनी ऐकून घेतलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या कागदाची माफी मात्र सभेनं देऊ नये. ती द्यायची की नाही, हे एकट्या बिराप्पांनी ठरवायचं.

बिराप्पा, तुम्ही उठू नका. मीच खाली येतो.