रंगाच्या पलटणीतले आमचे हे

माझं माहेर खेडच्या अंगाला, खाडीवर, आणि सासर डोंगराच्या पल्याड, म्हंजे लगीन झालं तशी मी एक डोंगर उतरले आणि बोटीत बसले ती भाऊच्या धक्क्याला उतरले, सगळी वाट ओकत, नवी नवरी आणि पदराला वास, असं माझं मुंबईत येणं. चिंचपोकळीला चाळ, तळमजल्याला शेवटची खोली, नळाच्या बाजूची. आमचे हे गिरणीत त्रासनखात्यात, सूत काततात ना, तिथं. साचेखात्यात, कापड विणतात तिथं, पगार बरा होता, पण तिथं आमच्या माणसांना घ्यायचे नाय, कां तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागतो, आणि आमचं तोंड लागलं की धागा बाटला. कापड मात्र सगळे नेसायचे तेच. जाऊ दे, ते सांगायला नाय बसले मी.

तुमी मघाशी त्यांचं नाव विचारलंत. सांगते, थांबा जरा, त्याचीच तर गोष्ट आहे. आमच्यात तेव्हा बाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाय. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं, तेपण सासूनं चिमटा काढला तेव्हा, आणि मग तोंडाला कुलूप. रेशनच्या दुकानात त्यानं विचारलं मालकाचं नाव, की मी शेजारच्या शेवंताला पुढं करायची, तू सांग गं. ती पण लबाड, बोलायची, मी कशाला सांगू, नवरा तुझा. मागची माणसं हसायची, दुकानदार कावायचा. पण मी नाय घेतलं.

तर हे लढाईच्या वक्ताला पलटणीत होते, आसामच्या जंगलात, ब्रह्मदेशाच्या तोंडावर. भरती झाले बंदूक घ्यायला आणि सायबानं हातात दिला कुंचला. कां तर गावाला हे घरांना रंग द्यायचे, काव काढायचे, ते बोलून गेले. मग काय, ट्रकला रंग, पत्र्याला रंग, तंबूला, जाळ्यांना, शिपायांच्या डगल्यांना. हिरवा, मातकट, काळपट, असे धब्बे की माणूस झाडाखाली बसला तर दिसायला नको. लपायचा रंग, बोलायचे हे. परत आले तर गावात काय, चाळीत काय, सगळे हसायला लागले. लढाईत जाऊन रंग मारून आला! रंगाची पलटण! माझा सख्खा भाऊ, तोपण. मेलं मला इतकं लागायचं, काय सांगू तुमाला. हे काय उलट बोलायचे नाय, गालात हसायचे आणि विडी पेटवायचे. पण पुढं पुढं लढाईचं नावच काढेनात. मेडल होतं एक, ते ट्रंकेत खाली, माझ्या शालूच्या पण खाली.

मला सांगायचे मात्र. भाकऱ्या थापताना बाजूला बसून सांगायचे, बघ, माणसाचा डोळा काय शोधतो, डोकं आणि खांदा. ते दोन सापडले की माणूस सापडला. म्हणून खांद्यावरनं रंग आडवा न्यायचा, खांदा मोडायचा. आणि शिवणीवर रंग थांबवायचा नाय, शिवण आली म्हणून जो थांबला त्यानं माणूस मारला. असं बोलायचे, आणि तव्यावरची माझी भाकरी करपायची.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. तेव्हाचं गिरणगाव तुमी नाय बघितलंत. मोर्चे, पोवाडे, भिंतीभिंतीवर चुन्यानं लिवलेलं, बायका पण लाटणी घेऊन रस्त्यावर, मी पण गेलेय. आणि मग गोळीबार. आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा दूध आणायला गेला तो आलाच नाय. त्याच्यानंतर असं झालं की खाकी कपडा दिसला तरी बायका पोरांना ओढून आत घ्यायच्या. टपालवाला खाकीत यायचा बिचारा, त्यालाही शिव्या.

लालबागला सावंत मास्तर होते, मालवणचे, गिरणीत कारकून, पण जीव सगळा नाटकात. त्यांनी ठरवलं, गोळीबारात माणूस गेला त्या घरांसाठी नाटक करायचं, मदत गोळा करायची. नाटक म्हणे लढाईवर गेलेल्या पोरांचं, आपल्याच कोकणातले शिपाई, जंगलात हरवलेले, आणि गावात आई वाट बघतेय. तालमी झाल्या, कपडे आणले, कुठनं तरी जुने खाकी डगले, खाकी पँटी. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की अरे, खाकी घालून, हातात बंदूक घेऊन माणसं स्टेजवर आणली तर लोक चपला मारतील! दुसरे कपडे आणायचे कुठनं? नाटक बंद पडायला आलं.

हे रोज तालीम बघायला जायचे, लांब भिंतीला टेकून. घरी येऊन मला बोलले, एवढंच ना, मी रंगवून देतो की, खाकी ऱ्हाणारच नाय. मी बोलले, मग सांगा की जाऊन. तर बोलतात, आपलं कोण ऐकतंय. मी परात आपटली. बोलले, एवढी वर्षं माझी भाकरी करपवलीत ती काय मला रंगवायला? जा, नायतर मी जाते. तेव्हा गेले.

मास्तरांनी ऐकून घेतलं हां, खोटं नाय सांगणार. बोलले, कर बाबा काय तां. मग आमच्या खोलीत कारखाना सुरू झाला. वाण्याकडनं पिवडी, काव, निळीची पुडी. निळीत पिवडी मिसळली की हिरवा, त्यात चुलीची काजळी घातली की जंगलातला हिरवा. भाताची पेज माझ्या पोटात जायची सोडून रंगात जायला लागली, खळ म्हणून, रंग धरावा म्हणून. कुंचला नारळाच्या सोडणाचा, टोक ठेचून केलेला. डगले झाले, पिशव्या झाल्या, मग पाण्याचे डबे, मग घोंगड्या, एकदा हात सुटला की थांबतोय कसला. माझं टमरेल पण रंगवलं! दारापुढं मिरचीच्या, कढीपत्त्याच्या कुंड्या होत्या, त्यांच्यात ठेवलं वाळायला, आणि सकाळी मी चाळभर शोधतेय, शेवंतावर आळ घेतला, भांडण झालं, आणि ते माझ्या नाकासमोर. हे बाजूला उभे राहून हसतायत. इतके हसलेले मी त्यांना आधी बघितले नव्हते, म्हणून टमरेलाचं काय बोलले नाय.

पण काम बघाल तर बघतच ऱ्हाल. एक धब्बा दुसऱ्यासारखा नाय. डगला जमिनीवर पसरायचे, आणि चार पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघायचे, मग पुढं येऊन एक हात मारायचे, पुन्हा मागं. भिंतीला पाठ लागायची, खोलीच केवढी. उरल्या रंगात जंगलाचा पडदाही त्यांनीच केला, गिरणीतनं आलेल्या तुकड्यांचा, मी शिवला, त्यांनी रंगवला. आणि तिथंच घोटाळा झाला.

रंगीत तालमीला मी गेलेले, मुद्दाम. पडदा टांगला, पोरं कपडे घालून त्याच्यापुढं जाऊन बसली, आणि मास्तर ओरडायला लागले, अरे मेल्यांनो, खंय गेलात सगळे? तर पडद्यातनं आवाज, हयच आसव, मास्तर! एकपण पोरगा दिसेना. तोच रंग, तोच हात, माणसं पडद्यात जिरून गेली. मास्तर कपाळाला हात लावून बोलले, अरे जाधवा, नाटकात माणसं दिसूक होयी रे बाबा! धुऊन टाक, चांगली मोठी मोठी पानं काढ, लोकांना कळूंदे. ह्यांचा चेहरा असा उतरला. बोलले, मास्तर, दिसायचं काम मला येत नाय. आणि खाली बसून बादलीत डगला बुडवायला घेतला. एवढ्या वर्षांनी माणूस उघडला होता, तो परत मिटणार.

मास्तर तणतणत निघाले, आणि स्टेजवर पडलेल्या एका पोरावर अडखळून आडवे! चष्मा एकीकडं, वहाण एकीकडं. उठले नाय, तिथंच बसून हसायला लागले, पोट धरून. बोलले, ठेव ती बादली. ह्याच करूया.

खेळ झाला संध्याकाळचा, लालबागच्या मैदानात, मुंगी शिरायला जागा नाय. जंगलाचा प्रवेश आला. पडदा वर गेला तर स्टेज रिकामं. नुसतं जंगल. म्हातारी आई लाकडं गोळा करत येते, म्हातारीच्या कामात बाप्याच होता पण रडवायचा, पोराला हाका मारते, बाबू रे, बाबू रे, जंगलात कोण नाय. लोक पदर डोळ्याला लावतायत. तेवढ्यात शिट्टी झाली आणि जंगल उठून उभं ऱ्हायलं! जिथं नुसतं रान होतं तिथं आपली पोरं, तिच्या पायापाशी, इतका वेळ तिथंच. शेवंतानं माझा हात दाबला तो किती दाबला. कोणाला खाकी आठवली नाय, पोलीस आठवला नाय. मग ज्या शिट्ट्या, ज्या टाळ्या, प्रवेश पुन्हा करायला लावला.

शेवटी मास्तर पुढं आले आभार मानायला. पेटीवाला झाला, दिवेवाला झाला, बाकडी देणारा, चहा पाजणारा हॉटेलवाला झाला. मी वाट बघतेय, आता घेतील, आता घेतील. मास्तरांनी हात जोडले आणि वळले. विसरले की काय, मी आजपण सांगू शकत नाय. माणूस वाईट नव्हता. पण आमच्या माणसांना विसरणं लोकांना सोपं जायचं, हे पण खरं आहे.

मी कधी उठले मला कळलं नाय. बायकांच्या मधनं उभी ऱ्हायले आणि ओरडले, गंगाराम सोनू जाधव! पुन्हा ओरडले, रंग गंगाराम सोनू जाधवांनी दिलाय, लढाईत पण त्यांनीच दिलेला!

अगं बया, नवऱ्याचं नाव घेतलं! बायकांनी तोंडाला पदर लावला. कोणीतरी बोललं, उखाण्यात तरी घे! मी बोलले, उखाणा नाय, काय नाय, तेवढंच नाव आहे. मास्तर धावत आत गेले आणि ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. आणि ह्यांच्या अंगात कुठलं शर्ट, तर कुंचला पुसपुसून धब्बे पडलेलं, कामाचं. उभे कुठं, तर जंगलाच्या पडद्यापुढं. पुढची पोरं ओरडायला लागली, दिसत नाय, दिसत नाय! सगळं मैदान हसतंय, टाळ्या मारतंय, आणि हे उभे, मान खाली, हात जोडून. मला दिसत होते. माझा भाऊ आला होता, तो सगळ्यात शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता.

घरी चालत आलो. ते पुढं, मी मागं. पुलापाशी थांबले आणि बोलले, एवढ्या मोठ्यानं घ्यायचं? मी बोलले, लांब होतात ना.

दुसऱ्या दिवशी मेडल ट्रंकेतनं काढलं आणि खुंटीला टांगलं. रंगाची पलटण लोक नंतरही बोलायचे, पण आता हाक मारायचे तशी. पुढं महाराष्ट्र झाला, दिवे लागले, त्याच सुमाराला आमी बुद्धाचे झालो, पोरं शिकली. हे गेले त्यालाही आता किती वर्षं झाली. माझा नातू तसली पँट घालून फिरतो, मॉलमधनं आणलेली, मी त्याला बोलते, बघ, हा धब्बा इथं आहे, तोच पुन्हा इथं, छापील आहे मेली, तुझा आजा असता तर चुलीत घातली असती. तो हसतो. एक पिशवी ठेवलीय मी त्यांच्या हातची, रंग बराच गेलाय, खांद्याच्या पट्ट्यावरचा तेवढा आहे.

आता नाव मी रोज घेते. फोटोला हार घालताना घेते, चहा प्यायला बसले की घेते, आता कोण चिमटा काढणार. तुमी एवढं ऐकून घेतलंत, म्हातारीची बडबड. तुमचं पण कोणीतरी असं भर मैदानात नाव घेवो, बाबा. आणि ते ऐकायला तुमी तिथं असू दे.