पंखातला केस

केस दिसला तर माणूस काय करेल? उचलेल! नाही, तुम्हीच सांगा, उचलेल की नाही? मग सगळा कारखाना माझ्याकडे असा का बघतोय, जणू मी उडत्या विमानाचा पंख उपटून घरी नेला!

सांगतो, सगळं सांगतो. आमचं काम विमानाचे पंख बनवायचं. म्हणजे काळं चिकट कापड असतं, ते थरावर थर अंथरायचं, तळहाताने दाबायचं आणि भट्टीत शेकायचं. एकदा शेकलं की दगड! आत कागदाचा कपटा राहिला, केस राहिला, की पुढे तिथूनच तडा. म्हणून पहिल्याच दिवशी दादाने, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, हातात चिमटा दिला नि म्हणाला, "बाळ्या, बाकी काही कळलं नाही तरी चालेल. केस दिसला की उचल." आता जो सातवीत दोनदा बसला त्याला एवढं एकच वाक्य पाठ झालं, यात त्याचा काय गुन्हा?

दादा पलीकडच्या खोलीत असायचा. तयार पंखावर हातोडीने टकटक करत फिरायचा, कान लावून. चांगल्या जागी टक्, आत सुटलं असेल तिथे भद्. यंत्राला सापडायचं नाही ते त्याच्या कानाला सापडायचं. आणि स्वतःच्या छातीत काय चाललंय ते... "काही नाही रे, पित्त झालंय." पित्त! आठवडाभर पित्त! मग एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत एका पायात बूट घालून बसला, तो बसलाच. दुसरा बूट हातात... असो. असो म्हणायचं असतं ना आता? असो.

तर त्याच आठवड्यात कारखान्यात आला हुशार पंख! आमच्या इंजिनियर मॅडमनी सगळ्यांना गोळा करून समजावलं, की तडा गेल्यावर शोधत बसण्यापेक्षा डिझाइन काढतानाच पंखाच्या पोटात काचेचे सोळा धागे ठेवायचे, त्यातून उजेड सोडायचा, पंखाला कुठे दुखलं की उजेड बदलणार, पडद्यावर दिसणार. नंतर वरून चिकटवायचं नाही, जन्मतःच आत! छान! आणि हे समजावलं त्या दिवशी मी कुठे होतो? दादाला पोचवायला गेलो होतो.

परत आलो तर कोणी काही बोलेना. सांत्वन करायला जमत नाही म्हणून लोक कामाचंही बोलत नाहीत हो! मी आपला वाकलो, नवव्या थरावर बघतो तर... केस! लांबलचक! मनात म्हटलं, ही माणसं टोप्या घालतात की मिरवतात? केस दिसला तर काय करायचं? उचलला! जरा अडला, म्हणून ओढला. टक् करून तुटला. केस कधी टक् करून तुटतो? पण लक्ष होतं कुठे माझं...

वर अजून अकरा थर चढले. पंख भट्टीच्या तोंडाशी. मॅडमनी वायरी जोडल्या, म्हणाल्या, "सात नंबर बोलत नाहीये."

फोरमनचा आवाज म्हणजे पत्र्याच्या बादलीत खडे. "अहो, टोकाला धूळ असेल! पुसा नि ढकला आत! पंधरा बोलतायत ना? एक गप्प बसला तर काय बिघडतं?"

"आत काही झालं असेल तर?"

"काय होतंय आत! काय रे, काही झालंय का?"

आणि सगळे एका सुरात, "नाही साहेब, सगळं बरंय!"

सगळं बरंय! उचललेली घाण खिशातल्या चिकटपट्टीवर लावून ठेवायची, हा आमचा नियम. मी खिशात बोट घातलं तर केस टोचला. टोचला! काच! बोलावं तर नोकरी जाणार, आणि वहिनीच्या घरात आता कमावता मी एकटा. न बोलावं तर त्या पंखावर माणसं बसणार! पंख आत गेला, भट्टीचं दार सरकायला लागलं, घर्रर्र, हातभर उरलं, वीतभर उरलं, आणि डोळ्यांपुढे तो एकच बूट...

"थांबा! दुखतंय त्याला!"

असंच ओरडलो. फोरमन म्हणाला, "कोणाला?"

"सात नंबरला, साहेब. मीच उपटला. मला वाटलं केस आहे."

पुढचे चार तास विचारू नका. अकरा थर एकेक करून सोलले, फोरमन डोक्याशी उभा. "डोळे आहेत की बटणं? भाऊ नुसत्या कानाने ओळखायचा, आणि हा..." तिथेच अडखळला, आणि उगाच रुमाल काढून नाक शिंकरायला लागला. मॅडमनी नवा धागा ठेवला. सात नंबर हिरवा झाला. मग वळल्या माझ्याकडे. म्हटलं, गेली नोकरी. तर म्हणतात, "यापुढे धागे तूच अंथरायचे. ओढायचे मात्र नाहीत."

झाली बढती! आता पंखाला मुंगी चावली तरी मला कळतं. आणि घरी येतो तर वहिनी ओट्याशी पाठ करून उभी, खांदे हलतायत, समोर चिरायला कांदासुद्धा नाही. विचारलं, "वहिनी, काय होतंय?"

"मला? मला काय धाड भरलीय? तुझं काय ते सांग."

म्हटलं, "मी ठणठणीत!"

काय करणार हो? धागे ठेवायचे तर डिझाइन काढतानाच ठेवायला लागतात... आणि आमच्या घराण्याचं डिझाइन केव्हाच पास होऊन गेलंय!