मुद्देमालातल्या बांगड्या

तुम्ही भुतांना खुशाल हसा, पण मी पोलिस ठाण्यात कारकून असताना भर दुपारी अख्खं ठाणं एका बंद खोलीबाहेर थिजलेलं पाहिलंय. खोली मुद्देमालाची. नवऱ्यानं मारलेल्या एका बाईच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे कापसात गुंडाळून, लाखेचं सील मारून तिथं ठेवले होते. त्याच दिवशी ते यवतमाळच्या कोर्टात हजर करायचे होते. नाही पोचले तर नवरा सुटायची भीती. आणि आतून हातभर बांगड्या वाजत होत्या, कुणी भाकरी थापत असावं तशा.

आमच्या साहेबांचा भुतांवर अजिबात विश्वास नव्हता, म्हणून ते दारापासून बरेच लांब उभे होते. "वारा असेल," ते म्हणाले. खोलीला खिडकीच नव्हती.

तेवढ्यात हवालदार राठोडबाई आल्या. "काहून उभे राह्यले सारे?" म्हणत त्यांनी कुलूप काढलं आणि सरळ आत गेल्या. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "माय, आज तुह्याच केसची तारीख हाय. वाजवत काय बसली? चाल!"

बांगड्या थांबल्या. राठोडबाई पुडकं घेऊन बाहेर आल्या. सील जसंच्या तसं होतं.

जीपमध्ये त्या पुडकं मांडीवर घेऊन बसल्या. ड्रायव्हरनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. "बाई, थे... थे बी आली का सोबत?"

"आली असन तं आपल्याच बाजूची साक्षीदार हाय," राठोडबाई म्हणाल्या. "भ्यायचं त्या नवऱ्यानं. तू कायले भेतं? काढ गाडी."